दाव्याचं विमान

तांबखडी गावाला पायलट एकच, नानासो पिसाळ, आणि त्यानं माणूस बसतो असलं विमान जन्मात कधी चालवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावात जाऊन सांगाल तर मार खाल. कऱ्हाड-विटा रस्त्याला फाट्यावर उतरा आणि टपरीवर नुसतं विचारा, पायलट नाना कुठं राहतात? टपरीवाला चहा गाळायचा थांबेल, वाट दाखवील आणि वर सांगेल, की नानांनी लढाईत शत्रूची दोन विमानं पाडली. तीन म्हणणारेही आहेत. लढाई झाली एकाहत्तर साली आणि नानासो भरती झाला चौऱ्याहत्तरला, पण असल्या किरकोळ गोष्टींत तांबखडी पडत नाही.

तो हवाई दलात होता हे सोळा आणे खरं. चांगली वीस वर्षं होता. पण तिथं तो होता फिटर. पत्रा फाटला, रिव्हेट निघाला, पंखाला पोचा पडला, की ठिगळ लावायचं. विमान उडालं की खाली उभं राहायचं आणि ते परत येईपर्यंत वाट बघायची. काम मन लावून केलं, सार्जंट होऊन बाहेर पडला. यात लाजण्यासारखं काय होतं सांगा? पण एकोणऐंशी साली त्याचं लग्न झालं, लग्नानंतर दुसऱ्या सुट्टीला तो गावी आला, आणि फाट्यापासून घरापर्यंत जो तो त्याला हात जोडून विचारायला लागला, “काय पायलट, कवा आलासा?”

नानासोनं लागलीच तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. “आरं गड्यांनो, मी...” एवढं म्हणाला आणि त्याची नजर दारात गेली. दारात राहीबाई, त्याची नवी बायको. पदर कपाळापर्यंत ओढलेला, डोळे मोठे झालेले, श्वास धरून उभी. नानासोला वाटलं, अरे देवा, हिला केवढा अभिमान आहे! ही पुडी शिराळ्याच्या सासऱ्यानंच सोडली असणार, पोरीला पायलट मिळाला म्हणून. आता हिच्या तोंडावर कसं सांगायचं, की बाई, तुझा नवरा ठिगळं लावतो? त्यानं पुढचं वाक्य गिळलं आणि म्हणाला, “मी... च्या घेतो जरा.” त्या चहाला आता पंचेचाळीस वर्षं होऊन गेली.

आपण खोटं कधीच बोललो नाही, असं त्याचं मनाशी म्हणणं असे. फक्त खरं बोलायचं राहून गेलं. पण ते राहून गेलेलं झाकायला एक करावं लागलं. फौजेतली माणसं बायकोला क्वार्टरवर नेतात. नानासोनं नेली नाही. तिथं सगळं उघड्यावर. दारावर हुद्द्याची पाटी, दोरीवर ग्रीसनं माखलेले कपडे, शेजारपाजार सगळा फिटरांचा. एक संध्याकाळ पुरली असती. “क्वार्टर मिळत न्हाई गं,” तो दर सुट्टीत सांगायचा. “ऱ्हाऊ द्या की,” ती सासूकडं बोट दाखवून म्हणायची, “आत्याबाईंचं कोन करनार?” तिनं एकदासुद्धा हट्ट धरला नाही. वर्षाचे दोन महिने तो घरी, दहा महिने तिकडं, अशी वर्षं गेली. शिराळ्याची पोरगी लय समजूतदार, असं गाव म्हणायचं.

विमान मात्र त्यानं उडवलं. तारेचं.

पंजाबातल्या एका तळावर म्हातारा वॉरंट ऑफिसर होता. सुट्टीच्या दिवशी तो मैदानात लाकडी विमानं उडवायचा. चार फुटी पंख, नाकात बारकं पण खरं इंजिन, आणि डाव्या पंखातून निघालेल्या दोन पोलादी तारा, साठ फूट लांब, सुतळीपेक्षा कितीतरी बारीक. तारांच्या टोकाला मूठ. मूठ धरून माणूस मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती फेर धरतं. मूठ मागं कलवली की चढतं, पुढं कलवली की उतरतं. मधे रेडिओ नाही, बॅटरी नाही; विमानाला काय होतंय ते तारेतून सरळ तळहाताला कळतं. एवढ्या मुठीवर विमानाला कोलांट्या घालायला लावायच्या, उलटं चालवायचं, हवेत आठाचा आकडा काढायचा. इंधन संपेपर्यंत इंजिन थांबत नाही आणि तोवर मूठ सोडायची सोय नाही. पहिल्या दिवशी नानासो चक्कर येऊन पालथा पडला, आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेनासं झालं.

निवृत्त होऊन आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत म्हाताऱ्यानं दिलेला बावन्न सालच्या विमानाचा नकाशा होता आणि तितकंच जुनं एक इंजिन. म्हशी विकल्यावर गोठा रिकामा पडला होता, तिथं त्यानं बाक टाकला. पंख गव्हाणीवर वाळायचे, तारा दावणीच्या खुंट्याला अडकवलेल्या. बाल्साचं लाकूड कोलकात्याहून पार्सलनं यायचं. ते इतकं हलकं की पोस्टमन हळहळायचा, “नाना, मधीच कुनीतरी माल काढून घेतलाय बगा.” इंधनात एरंडेल पडतं, त्यामुळं इंजिन सुरू झालं की जळक्या एरंडेलाचा वास गल्लीभर. “शेजाऱ्यांची पोटं नुसत्या वासानं साफ व्हत्यात,” राहीबाई म्हणायची. विमानाला ती सवत म्हणायची, पण सवतीचं शेपूट धरायला तीच लागायची. इंजिन सुरू केल्यावर विमान कुणीतरी दाबून धरावं लागतं. नानासो चालत मधे जाणार, मूठ उचलणार, मान हलवणार, मग सोडायचं. तीस वर्षं हे काम तिचं. गुडघे टेकून, पदर खोचून, तोंड वाकडं करून.

पहिल्यांदा माळावर ते विमान फिरलं तेव्हा गाव हसून हसून लोळलं. “इमानाला दावं लावलंय रं! म्हसरागत!” तेव्हा तोफखान्यातला निवृत्त हवालदार नाथाजी पुढं आला. सैन्याच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द त्याचा. तो गंभीरपणे म्हणाला, “हसू नगा. असल्या मानसाच्या हातात मोकळं इमान देत न्हाईत. ह्ये सरहद्दीवर जाईल. म्हनून दावं.” झालं! त्या दिवसापासून पाडलेली विमानं दोनाची तीन झाली.

गेल्या दिवाळीत नानासोचं डोकं फिरायला लागलं. मान वर केली की झाड, घर, आभाळ सगळं गरगर. विट्याचा कानाचा डॉक्टर म्हणाला, कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे हललेत. वर बघायचं नाही, गोल फिरायचं नाही.

“कानात खडे?” राहीबाई म्हणाली. “तरीच मी बोलते ते आत जात न्हाई.”

ती चेष्टा करून मोकळी झाली, नानासो मात्र गोठ्यात जाऊन विमानापुढं बसला. एकाहत्तराव्या वर्षी त्याला नीट येणाऱ्या गोष्टी दोनच उरल्या होत्या, वर बघणं आणि गोल फिरणं.

आणि नेमका याच वेळी उपसरपंच वीरधवल दारात आला. वीरधवल म्हणजे कडक इस्त्रीचा, उत्साहानं उतू जाणारा गडी. उसावर औषध फवारायचा एक ड्रोन आणि लग्नाची शूटिंग करायचा एक, असे दोन ड्रोन बाळगून होता.

“नाना, सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात तुमचा कार्यक्रम लावलाय. आपल्या तालुक्याची प्रियदर्शनी हाय न्हवं, एअर फोर्सात फ्लाइंग ऑफिसर झालीय. खरंखुरं मालवाहू विमान चालवतीया. तिचा सत्कार आनि तुमचा. जुना पायलट, नवा पायलट!”

“माझ्या कानात खडे हायती,” नानासो म्हणाला.

“आवं नाना, फ्लेक्स छापायला गेला!”

चौथ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. कुणाच्या तरी धडावर, छातीवर ऑक्सिजनची नळी लोंबत असलेल्या, नानासोचं आधारकार्डावरचं डोकं. खाली ‘फायटर पायलट (निवृत्त) यांच्या चित्तथरारक हवाई कसरती’.

नानासो फाटा चुकवून आडवाटेनं जायला लागला. गावाचं एक वेळ ठीक. पण ही पोरगी खरी पायलट. ती सहज विचारणार, सर, कुठल्या विमानावर होता, किती तास उडवलं? आणि समोर पहिल्या रांगेत राहीबाई बसलेली असणार. सारा जन्म जिनं पायलटची बायको म्हणून मान वर करून काढला, तिला भर मैदानात, लाउडस्पीकरवरून कळणार की आपला नवरा कोण होता. बाकी कुणी काही म्हणो. तिचा उतरलेला चेहरा बघण्यापेक्षा कानातले खडे डोळ्यांत गेलेले परवडले, असं त्याला झालं.

त्यातून पंखाचं रेशीम जुनं होऊन भेगाळलं होतं. पंखाला रेशीमच लागतं. त्याच्यावर डोप नावाचं रोगण फासलं की कापड ढोलकीसारखं ताणतं. नायलॉनच्या जातीचं कापड तसंच लोंबत राहतं. घरात चौदा सत्कारांच्या शाली आणि फेटे पडून होते, सगळे पायलट म्हणून मिळालेले. नानासोनं एकेकाचा दोरा काढून काडी लावली. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख होते. खोटं असेल तर वितळून गोळी होते. चौदाच्या चौदा गोळ्या झाल्या.

“समदं नकली,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कानावर पडल्यावर काडेपेटी बाजूला ठेवली.

घरात खरं रेशीम एकच, राहीबाईचा लग्नातला डाळिंबी शालू. मागायला त्याला तीन दिवस लागले. भांड्यांची आदळआपट होणार, माहेरचा उद्धार होणार, सगळ्याची तयारी करून त्यानं विषय काढला. राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं, उठली, ट्रंक उघडली आणि शालू आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

“कापा. तुमाला लागतोय तर कापा. तेवढंच माझं मन हलकं हुईल.”

आणि भाकरी थापायला निघून गेली. मन कशानं जड झालं होतं, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. आपल्याच मनाचा दगड काय कमी होता?

त्यानं जड म्हणून जरीचे काठ काढून ठेवले, पंखावर शालू चढवला, डोप लावलं. पंख असे डाळिंबी तळपले की बघत राहावं. आणि त्यानं मनाशी एक ठरवलं. सगळ्या कसरती करायच्या, पण शेवटचा, डोक्यावरचा आठ गाळायचा. त्याला विमान बरोबर टाळूवर न्यावं लागतं, मान मागं टाकावी लागते. तो गाळला तर गावात कुणाला कळणार आहे? गावाला कोलांटी आणि आठ यातला फरक तरी कळतो का?

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि सगळं गाव मैदानाच्या कडेनं बसलं. वीरधवल झेंडूचा हार घेऊन आला, विमानाला घालायला.

“हार घातला तर उडनार न्हाई, चरंल नुसतं,” नानासो खेकसला. “आनि त्यो ड्रोन खाली घे आदी. तारंत आला तर तुजाबी जाईल आनि माजंबी.”

नारळ तेवढा फुटला. मग प्रियदर्शनी आली. गणवेशातली, बुटकीशी, चटपटीत पोरगी. नानासोनं हात जोडले, पण तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. तिनं विमान बघितलं, तारा बघितल्या, आणि तिचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

“सर, कंट्रोल लाइन! कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगला मी हेच उडवायचे! तुम्ही पूर्ण क्रम करणार ना? सगळे आकार?”

“करू की,” नानासोच्या तोंडून निघून गेलं.

“मग मी माइकवरून लोकांना समजावून सांगते,” म्हणून ती पळालीसुद्धा. साऱ्या तालुक्यात ज्याला हा क्रम पाठ असेल असं एकच माणूस होतं, आणि वीरधवलनं नेमकं तेच शोधून आणून त्याच्या हातात माइक दिला होता.

राहीबाईनं गुडघे टेकले, शेपूट धरलं. इंजिन खोकलं आणि कडाडून सुरू झालं. नानासो चालत मधे गेला, मूठ उचलली, मान हलवली. तिनं सोडलं. विमान पंधरा फूट पळालं आणि उचललं.

पुढची चार मिनिटं काय बोलावं! एरंडेलाचा धूर, डाळिंबी पंख, आणि म्हाताऱ्याच्या मनगटात जणू पंचवीस वर्षांचं पोरगं येऊन बसलेलं. “ह्या तीन कोलांट्या,” प्रियदर्शनी सांगायची आणि तीन कोलांट्या एकावर एक पडायच्या. “आता उलटं. बघा, चाकं आभाळाकडं!” बायका तोंडाला पदर लावायच्या. “आता चौकोन. आता आडवा आठ.” हसणारं गाव गप्प झालं होतं. नानासोला वाटलं, झालं, निभावलं. आता चार साधे फेरे, इंधन संपेल, उतरवू.

“आणि आता,” माइक म्हणाला, “सगळ्यात अवघड. डोक्यावरचा आठ. सर विमान बरोबर आपल्या डोक्यावर नेणार!”

आठशे माना वर झाल्या. नानासोनं एक फेरा तसाच सोडला. दुसरा सोडला. ती पोरगी थांबली होती, काही बोलत नव्हती. गाळलं तर तिला कळणार, आणि आता तिनं सांगून ठेवल्यामुळं गावालाही कळणार. त्यानं मूठ मागं ओढली आणि मान वर टाकली.

विमान टाळूवर आलं. एक आठ निघाला. दुसरा निघाला. आणि कानातले खडे सुटले. आभाळ एका बाजूला, जमीन दुसऱ्या बाजूला, पायांखाली नुसता भोवरा. कसंतरी विमान खाली, सरळ फेऱ्यावर आणलं, पण तो स्वतःच तिरका होत चालला होता. टाकीत अजून दीड मिनिटाचं इंधन. पडला तर विमान जमिनीत घुसणार, मूठ सुटली तर पहिल्या रांगेत.

राहीबाईनं ते लांबूनच ओळखलं. ती विमान सोडलेल्या जागी उकिडवी बसून होती. एक फेरा पाच आकडे मोजेपर्यंतचा, हे तिला तीस वर्षांत पाठ झालेलं. विमान समोरून गेलं, तसा तिनं पदर खोचला आणि तारांखालून वाकून धावत सुटली. अडुसष्ट वर्षांची बाई! मागून तिनं दोन्ही हातांनी नानासोची कंबर आवळली.

“आवं, मी हाय. डोळं इमानावर ठेवा. पायाचं मी बगते.”

“पडतोय गं...”

“न्हाई पडत. रेला माझ्यावर.”

राहीबाई मूळची शिराळ्याची. नागपंचमीला दोन पोरी दमवून तिसरीला हात देणारी, फुगडीत तिला कधी चक्कर आल्याचं शिराळ्यात कुणाला आठवत नाही. टाच जागेवर, चवडा फिरता, ती त्याला कमरेनं फिरवत राहिली आणि तो नुसता तारेच्या टोकाला बघत राहिला. गावाला यातलं काय कळणार? गावाला दिसलं ते एवढंच, की म्हातारा-म्हातारी भर मैदानात एकमेकांना धरून गिरक्या घेतायत. शिट्ट्या सुरू झाल्या. “नाव घ्या, नाव घ्या!” बायका ओरडल्या. शेवटी इंजिन फडफडलं, बंद पडलं, विमान तरंगत खाली आलं, दोन उड्या मारून नाकावर टेकलं. नाकावरचा फिरता पंखा मोडला, बाकी सगळं शाबूत. नानासोला जमीन सापडेपर्यंत राहीबाईनं कंबर सोडली नाही.

स्टेजवर त्याला आणून बसवलं. पाणी दिलं, फेटा बांधला. राहीबाई पहिल्या रांगेत बसून लुगड्याची धूळ झटकत होती. प्रियदर्शनीनं माइक त्याच्यापुढं धरला आणि जे विचारू नये तेच विचारलं, “सर, तुम्ही कुठल्या विमानावर होता?”

नानासोनं राहीबाईकडं बघितलं. तिचे हात थांबले होते. डोळे मोठे, श्वास धरलेला. अगदी त्या दिवशी दारात उभी होती तशी. आत्ता हिनं चारचौघांत आपल्याला पडू दिलं नाही, आणि आपण हिला अजून किती फसवायचं? जे व्हायचं ते होऊ दे.

“मी पायलट न्हवतो,” तो म्हणाला. लाउडस्पीकर जरा कुईं करून थांबला. “कवाच न्हवतो. मी फिटर व्हतो. इमानाला ठिगळं लावायचो. एकबी इमान पाडलं न्हाई. तुमी म्हनत गेलासा, मी ऐकत गेलो. चुकी माजी हाय. माफी करा.”

मग मागून एक टाळी वाजली. मग दहा. मग असा कडकडाट, की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

“बघा!” वीरधवलनं माइक ओढून घेतला, त्याचे डोळे भरून आले होते. “बघा मित्रांनो! एवढा मोठा माणूस, आणि स्वतःला काय म्हणतो? फिटर! याला म्हणतात नम्रता!”

“आरं, खरं बोलतोय मी!” नानासो ओरडला. माइक त्याच्यापासून लांब होता.

नाथाजी हवालदार उभा राहून आजूबाजूला समजावत होता, “सिक्रेट ड्यूटी आसती. रिटायर झालं तरी बोलायची परमिशन नसती. वरनं सांगितलेलं आसतंय, कुनी इचारलं तर फिटर सांगायचं.”

एकट्या प्रियदर्शनीला कळलं. ती त्याच्या कानाशी वाकली. “सर, फिटरची सही झाल्याशिवाय मी आजही विमानात पाय ठेवत नाही. तुम्ही दोघं माझ्या तळावर या. क्वार्टरवर उतरा, सगळं दाखवते.” आणि दोन पावलं मागं सरून, टाचा जुळवून तिनं त्याला कडक सलाम ठोकला. संपलंच मग! गणवेशातली ऑफिसर सलाम करते म्हटल्यावर शंकेला जागा कुठली? दुपारपर्यंत पाडलेली विमानं पाच झाली होती.

चारच्या सुमाराला दोघं गोठ्यात बसली होती. नानासो मोडका पंखा काढत होता. राहीबाईनं चहा आणून गव्हाणीवर ठेवला आणि तिथंच टेकली.

“तू ऐकलंस न्हवं?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“ऐकलं की.”

“तुलाबी नम्रता वाटली?”

“न्हाई. मला ठावंच हाय.”

पाना त्याच्या हातातून पडला. “कवापासनं?”

“हळद निघायच्या आदी. तुमच्या सुट्टीच्या कागदावर लिवलं व्हतं, माझ्या भावानं वाचून दाकवलं.”

“मग... मग मला पायलट केलं कुनी? तुज्या बानं न्हवं?”

राहीबाईनं चहाची बशी उचलली, ठेवली, परत उचलली.

“मी,” ती म्हणाली. “पानवठ्यावर. लगीन हून चार म्हयनं झालतं, तुमचं एक पत्र न्हाई. जाऊबाई समद्या बायकांत म्हनल्या, हिचा नवरा तितं हमाली करतोय म्हनं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, हमाली न्हाई, इमान चालवत्यात. म्हनलं, चार बायका हायती, इसरतील. कुटलं इसरत्यात! तुमी सुट्टीला आलासा तवा गावभर झालंतं. दारात हुबी व्हते, माजा जीव मुठीत. म्हनलं, आता हे सांगनार आनि मला गाव थुकनार. तर तुमी च्या मागितला.” तिनं पदर डोळ्याला लावला. “मला वाटलं, माझी लाज राखायला तुमी गप बसलासा. तवापासनं रोज वाट बगते, कवातरी इचारतील, ह्ये खोटं कुनी पेरलं. शालू मागितलासा तवा म्हनलं, घ्या बया, एवढं तरी हातनं घडू दे.”

नानासोनं पडलेला पाना उचलून बाकावर ठेवला.

“आनि म्हनून तुला क्वार्टरवर न्हेली न्हाई मी,” तो सावकाश म्हणाला. “तुला कळंल म्हनून.”

“आनि मी म्हनून हट केला न्हाई. आल्यावर बायकांनी इचारलं असतं, बंगला केवढा, नोकर किती. आजून किती खोटं बोलू?”

“पंधरा वर्सं, राही.”

“व्हय.”

“वरसाला दहा म्हयनं.”

“मोजू नगा,” ती म्हणाली. नानासोला तिच्यावर रागवावंसं वाटलं, स्वतःवर रागवावंसं वाटलं, हसावंसंही वाटलं, आणि यातलं काहीच धड न होता त्याचे डोळे वाहायला लागले. चहावर साय आली.

मग राहीबाईनं त्याच्या डोक्यावरचा नवा फेटा उतरवला, सवयीनं एक दोरा ओढला आणि काडी लावली. दोरा वितळला, गोळी झाली.

“ह्योबी तसलाच,” ती म्हणाली.

“तर काय,” नानासोनं नाक पुसलं. “त्या पोरीनं बलावलंय तिच्या तळावर. क्वार्टरवर उतरा म्हनती. येतीस का?”

राहीबाई फेट्याची घडी घालत राहिली. आत्याबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली होती, आता सांगायला कारणही नव्हतं.

“येते,” ती शेवटी म्हणाली. “पर गावात काय सांगायचं, कुटं चाललाव म्हनून?”

नानासोनं थोडा विचार केला.

“सांग, सिक्रेट ड्यूटी हाय.”